पडसे की इन्फ्लुएंझा?

पडसे हळूहळू येते. इन्फ्लुएंझा एकाएकी झडप घालतो. पडसे बहुधा शिंका, वाहते नाक व घशाची खवखव यांवरच आटोपते. इन्फ्लुएंझात मात्र काही तासांतच ताप चढतो, डोके ठणकते, सर्वांग दुखते आणि रोगी अंथरूण धरतो. दोन्ही विकार विषाणूंमुळेच होतात. पण ते विषाणू भिन्न होत. लक्षणांवरून अंदाज बांधता येतो, खात्री प्रयोगशाळेतील तपासणीनेच होते.

१९१८ साली मुंबईमार्गे देशात शिरलेल्या इन्फ्लुएंझाने एक कोटीहून अधिक भारतीयांचा बळी घेतला. म्हणून 'साधे पडसेच ते' असे समजून त्याची उपेक्षा करू नये. वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना विशेष जपावे. धाप लागल्यास अथवा उतरलेला ताप पुन्हा चढल्यास तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. विषाणुरोधक औषध पहिल्या ४८ तासांत दिल्यास अधिक गुणकारी ठरते.