परसातील पडवी: मुहूर्त नव्हे, पाऊस ठरवतो वेळापत्रक

घराच्या मागील परसात पडवी उभारण्याचा विचार गोव्यातील अनेक घरांत चवथीच्या सुमारास सुरू होतो. नातलगांनी भरलेले घर तेव्हा अपुरे वाटते आणि ‘पुढच्या चवथीपूर्वी पडवी पूर्ण करू’ असा संकल्प सोडला जातो. या संकल्पात एक गफलत असते. हाती वर्ष आहे असे वाटत असले, तरी दोन चवथींच्या मधले जून ते सप्टेंबर हे महिने पावसाचे असतात. त्यामुळे बांधकामाची खरी अंतिम मुदत चवथ नसून मेचा मध्य आहे. मोसमी पाऊस गोव्यात साधारणतः जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. वळवाच्या सरी त्याआधीच येऊन जातात.

ही मुदत चुकली तर केवळ गैरसोय होत नाही. अर्धवट राहिलेल्या जोत्यात पाणी साचते आणि ते घराच्या मागील भिंतीत, बहुधा स्वयंपाकघरात, मुरते. न बुजवलेल्या चरामुळे घराच्या पायालगतची माती खचू शकते. उघड्यावर राहिलेले वासे भिजून वाकतात. पडवीवर केलेला खर्च मग मूळ घराच्या दुरुस्तीवरही करावा लागतो.

वेळापत्रक आखताना गवंडी आणि सुतार यांचे कामाचे दिवस मोजले जातात. थांबण्याचे दिवस मात्र विसरले जातात. बारा फूट रुंद व वीस फूट लांब, चिऱ्याचे जोते, चिऱ्याचे खांब, लाकडी वासे आणि मंगळुरी कौले अशी पडवी उदाहरणादाखल घेता येईल. खोदाई व पाया पाच दिवस, जोते चार, खांब चार, लाकूडकाम सात, कौले दोन आणि जमीन तीन, असे प्रत्यक्ष काम सुमारे २५ दिवसांचे आहे. महिन्याभरात पडवी उभी राहील, हा अंदाज इथूनच निघतो.

परंतु पायातील काँक्रीटवर निदान दहा दिवस पाणी मारावे लागते. सध्या सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला बळकटी हळूहळू येते, म्हणून त्याला हा अवधी नाकारता येत नाही. जोत्यातील भराव थराथराने धुमसून, पाणी सोडून बसू द्यायला दोन आठवडे हवेत; अन्यथा वरची जमीन वर्षभरात खचते. खांबांच्या बांधकामाला सात दिवस आणि जमिनीला दहा दिवस पाणी हवे. हे झाले ४१ दिवस. काम व थांबणे मिळून ६६ दिवस, म्हणजे साडेनऊ आठवडे होतात.

आता मागे मोजत यावे. १५ मेपूर्वी काम संपवायचे तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पायाला हात लागला पाहिजे. शिगमो, लग्नसराई, कामगारांचे गावी जाणे आणि साहित्याचा विलंब यांसाठी चार आठवडे राखीव धरले, तर खोदाई फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरू व्हायला हवी.

साहित्याची तयारी त्याहूनही आधीची. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो. हवा लागल्यावर तो हळूहळू टणक होतो. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये मलबारातील अशाच दगडाचे वर्णन करून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, तेही याच गुणामुळे लक्ष वेधले गेल्यावर. ताजा चिरा दोन-तीन महिने उघड्यावर ठेवून वापरणे हिताचे. म्हणून तो नोव्हेंबरात परसात येऊन पडावा. लाकडाचेही तसेच. साग, किंदळ वा फणस, कोणतेही लाकूड ओले वापरले तर सुकताना आक्रसते आणि सांधे उघडतात. पावसाळा सरताच ते घेऊन, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचावे. वाट पाहण्याच्या दिवसांत सुताराने वासे व रिपा तासून ठेवल्यास वेळ वाचतो.

एक चौरस मीटरला साधारण १५ मंगळुरी कौले लागतात. उतार व पागोळीचा भाग धरून या पडवीला सुमारे साडेचारशे कौले पुरतात. फुटीसाठी थोडी जादा आणि आढ्यावरची कौले वेगळी मागवावीत. छप्पर आधी आणि जमीन नंतर हा क्रम सोयीचा ठरतो. सावलीत जमीन चटकन सुकत नाही आणि मेमधील अवचित सरीचे भयही राहत नाही. जमिनीचा उतार मात्र घराच्या भिंतीपासून बाहेरच ठेवावा. लाकडी खांब वापरायचे असल्यास ते मातीत न पुरता दगडी बैठकीवर उभारावेत, म्हणजे वाळवीला सहज वाट मिळत नाही.

या सर्वांआधी कागदपत्रे येतात. छप्पर असलेली पडवी हे बांधकामच आहे. त्यामुळे एक-चौदाचा उतारा व आराखडा घेऊन पंचायतीत किंवा पालिकेत चवथ सरताच चौकशी करावी. उताऱ्यावर भाटकाराचे, कोमुनिदादीचे वा अनेक वारसांचे नाव असेल, तर संमतीलाच महिने लागू शकतात. किनारा, नदी किंवा खाडीलगतच्या घरांना किनारी नियमन क्षेत्राचे नियमही पाहावे लागतात.

ठेकेदाराचे हप्तेही तारखांना न बांधता टप्प्यांना बांधावेत: जोते भरल्यावर एक, छप्पर चढल्यावर दुसरा, जमिनीला पाणी मारून झाल्यावर शेवटचा. आणि फेब्रुवारी उलटूनही परवाना हाती नसेल, तर पाया न खोदता काम ऑक्टोबरनंतर ढकलणेच शहाणपणाचे. रचून ठेवलेला चिरा वर्षभरात बिघडत नाही. उघडा चर एका पावसात घराला धोका निर्माण करू शकतो.