नव्या पिकअपचे ‘फोर व्हील’ लागत नाही? आधी एवढे पाहा



गेल्या एका गळीत हंगामातली गोष्ट. जानेवारी महिना होता आणि अवकाळी पाऊस दोन दिवस लागून राहिला होता. रात्री साडेअकराच्या सुमारास मुकादम दारात आला. “मालक, गाडी काढा. फडावर पोरीला कळा सुरू झाल्यात.” बीडकडची टोळी आमच्या उसावर उतरली होती. त्यातली ही एका घरची सून, पहिलटकरीण. १०८ ची गाडी आली होती, पण डांबरी सडकेलाच थांबली. सडकेपासून कोप्यांपर्यंत एक किलोमीटर पाणंद, आणि सगळी काळी माती.

दारात पुतण्याची नवी पिकअप उभी होती. घेऊन चार महिनेच झाले होते. ‘फोर व्हील’ची म्हणून कर्ज वाढवून घेतलेली. जाताना गाडी कशीबशी गेली. येताना पोरगी आणि तिची सासू आत बसल्या होत्या, आणि निम्म्या पाणंदीत गाडी रुतली. पुतण्याने बटण ‘फोर-एल’ला फिरवले. दिवा नुसता लुकलुकत राहिला. पुन्हा रेस, पुन्हा बटण. चाके जागच्या जागी गरगरत चिखल उडवीत राहिली. शेवटी शेजारच्या फडावरून ट्रॅक्टर आणून साखळीने ओढावी लागली. तासभर गेला. देवाची कृपा, पहाटे सरकारी दवाखान्यात मुलगी झाली आणि मायलेकी सुखरूप राहिल्या. पण अंधारात मागून येणारे ते कण्हणे मी अजून विसरलो नाही.

तिसऱ्या दिवशी पुतण्या तणतणत गाडी घेऊन वर्कशॉपला गेला, मीही बरोबर होतो. “गाडीतच खोट आहे, बदलून घेतो,” हे त्याचे म्हणणे. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी संगणक जोडून पाहिला, गाडीखाली जाऊन पाहिले. दोष काही निघाला नाही. मग त्यांनी विचारले, “बटण फिरवलंत तेव्हा गाडी थांबली होती का?”

“रुतलीच होती की!”

“गाडी रुतली होती हो. चाकं थांबली होती का?”

पुतण्या गप्प झाला. सगळा घोळ त्या एका प्रश्नात होता. त्या दिवशी जे समजले ते हंगामाच्या तोंडावर सर्वांच्या कानी घालावे, म्हणून हा लेख.

आत काय घडते

गरजेपुरते फोर व्हील लावण्याच्या पिकअपबद्दलच येथे लिहीत आहे. बोलेरो कॅम्परचा फोर व्हील प्रकार, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या त्याच जातीच्या गाड्या. यांत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. ‘टू-एच’मध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जातो. ‘फोर-एच’मध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जोडला जातो. ‘फोर-एल’मध्ये तो जोड तर राहतोच, शिवाय जादा गिअर लागून वेग घटतो आणि ओढ वाढते.

जुन्या फोर व्हील जीपला यासाठी गिअरच्या दांड्याशेजारी दोन बुटके दांडे असत. दात जुळले नाहीत तर कर्रकन आवाज येई आणि हाताला कळे. आता बऱ्याच गाड्यांत बटण असते. दात सरकवण्याचे काम एक लहान मोटर करते, आणि तिला हुकूम द्यायचा की नाही हे गाडीतला संगणक ठरवतो. चाके फिरत असतील, गाडी न्यूट्रलला नसेल किंवा क्लच पुरता दाबला नसेल, तर तो ‘फोर-एल’ लागू देत नाही. दिवा लुकलुकतो तो बहुधा “थांब, अजून लागले नाही” हे सांगण्यासाठी. आपण त्याला बिघाड समजतो आणि आणखी रेस देतो.

बिघाड समजण्याआधी क्रमाने पाहावे

१. ‘फोर-एल’ लागत नाही. पाय ॲक्सिलेटरवरून काढा. ब्रेक दाबून चाके पूर्ण थांबू द्या. क्लच पुरता दाबा, गिअर न्यूट्रलला घ्या, मग बटण फिरवा आणि दिवा स्थिर होईपर्यंत दम धरा. ‘फोर-एच’ मात्र बहुतेक गाड्यांत सरळ चालताना लावता येते. किती वेगापर्यंत, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पण चाके गरगरत असताना तेही लावू नये. खरे म्हणजे चिखल समोर दिसला की आधीच लावावे, रुतल्यावर नव्हे.

२. ‘टू-एच’ केले तरी दिवा जात नाही. दोन्ही शाफ्टमध्ये पीळ भरलेला असतो, दावे ताणून बसावे तसे दात अडकलेले असतात. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी थोडी पुढे, थोडी मागे घ्यावी. पीळ सुटला की दिवा आपोआप जातो.

३. वळणावर गाडी अडते, हिसके देते. आमच्या गाडीची ही दुसरी तक्रार होती. पुतण्या शेतातून ‘फोर-एच’मध्ये निघे आणि तसाच डांबरी सडकेने गावात येई. बैलगाडी वळवताना बैल लांबचा फेरा मारतात आणि चाके थोडक्यात वळतात, हे आपण पाहिलेले आहे. पिकअपचेही तसेच. काटकोनात आखडते वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा सुमारे मीटरभर जास्त चालतात. ‘फोर-एच’मध्ये मात्र दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही. मग तो ताण टायर, शाफ्ट आणि ट्रान्स्फर केसवर येतो. नवी गाडी अशाने लवकर कामातून जाते, आणि चुकीच्या वापराने झालेली मोडतोड सहसा हमीत बसत नाही. म्हणून सडक लागली की आधी ‘टू-एच’. काही महागड्या गाड्यांची रचना वेगळी असते, त्यांनी आपली पुस्तिका पाहावी.

४. टायर. मिस्त्रींनी खडू घेऊन हिशेब मांडून दाखवला. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले असले, आणि दोहोंच्या नक्षीत ६ मिलिमीटरचा फरक असला, तर नवे चाक एका किलोमीटरला सुमारे ४३० फेरे घेते आणि झिजलेले ४३७. सात फेऱ्यांचा हा फरक फोर व्हीलमध्ये जाणार कुठे? म्हणून चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच बनावटीचे, आणि सारखे झिजलेले असावेत. आमची दोन टायरे पंक्चरवाल्याच्या सांगण्यावरून निराळ्या मापाची बसवली होती. तीही बदलली.

५. फोर व्हील लागले, तरी गाडी निघत नाही. हा गैरसमज सर्वांत मोठा. खळ्यावर मळणीची पात फिरते तेव्हा मेढीजवळचा बैल जागच्या जागी वळतो आणि कडेचा बैल पळतो. वळणावर हीच मुभा डाव्या-उजव्या चाकांना असावी म्हणून प्रत्येक आसावर डिफरन्शियल असते. पण त्याच मुभेमुळे एक चाक सरीत लोंबकळले की ते फुकट फिरते आणि जोडीचे उभे राहते. पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके मोकळी फिरू लागली, तर फोर व्हील असूनही गाडी हलत नाही. मागचा डिफ लॉक असेल तर अशा वेळी लावावा आणि निघाल्यावर काढावा. नसेल तर फिरणाऱ्या चाकाखाली पाचट, पोते, दगड घालावेत. टायरमधली हवा थोडी कमी केल्यानेही पकड वाढते, मात्र सडकेला लागण्याआधी ती पुन्हा भरावी.

६. दिवा अजिबात लागत नाही. आता फ्यूज पाहावा, बॅटरी मंदावली आहे का ते पाहावे. गाडी जोराच्या फवाऱ्याने धुतल्यानंतर हा प्रकार सुरू झाला असेल, तर खालच्या वायरींच्या जोडात पाणी गेले असण्याचा संभव आहे. शाफ्टला गुंडाळलेले पाचटही काढावे.

७. ओढ्यातून आल्यावर. तापलेली हाउसिंग थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि हवेच्या भोकातून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर ताबडतोब बदलून घ्यावे. ते तेल तसेच ठेवले तर बेअरिंग जातात.

एवढे पाहूनही दिवा लुकलुकतच राहिला, खालून खडखड ऐकू आली किंवा तेल गळू लागले, तर तो खरा बिघाड. मग घरी उघडझाप न करता हमीच्या मुदतीत लेखी तक्रार द्यावी. कोणत्या वेळी, कोणत्या जमिनीवर, कोणत्या गिअरात घडले ते लिहावे. लुकलुकत्या दिव्याचा फोटो मोबाईलवर काढून ठेवावा.

सवय आणि सावधगिरी

फोर व्हील महिनोन् महिने न लावल्यानेही ते अडकते. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत महिन्याला १६ किलोमीटर फोर व्हीलमध्ये चालवावे असे सांगितलेले आहे. आपण निदान ओल्या किंवा भुसभुशीत जमिनीवर लावून पाहावे. त्याच जमिनीवर स्टिअरिंग वळवून सावकाश चालवले, तर ‘टू-एच’मध्ये गाडी मोकळी वळते आणि ‘फोर-एच’मध्ये किंचित अडते. लागले की नाही ते असे कळते. एक चाक जॅकवर उचलून फोर व्हीलची परीक्षा कधीही घेऊ नये. जमिनीवरची चाके गाडीला जॅकवरून पुढे ढकलतात. ट्रॅक्टरने ओढताना साखळीच्या आसपास पोरेबाळे उभी राहू देऊ नयेत. आणि वाळल्या पाचटावर तापलेली गाडी लावू नये, पेट घेते.

पुतण्या आता आठवड्याला एकदा बांधावरच्या मातीत बटण फिरवून पाहतो. चालवणारा दुसरा कोणी असला तर त्यालाही करून दाखवतो. पुढच्या हंगामात तीच टोळी पुन्हा आली. ती मुलगी आईच्या कडेवरून उतरून आमच्या अंगणात रांगली. पिकअपच्या चाकाला धरून उभी राहू पाहत होती. पुतण्या म्हणाला, “काका, हिच्यामुळं मी गाडी शिकलो.”

बंधूंनो, नवी गाडी घेतली की आपण हार घालतो, नारळ फोडतो आणि पुस्तिका मात्र खणात टाकून देतो. ती एकदा बाहेर काढा. घरातल्या शिकल्या मुला-मुलीकडून फोर व्हीलचे पान मोठ्याने वाचून घ्या आणि कोरड्या दिवशी दोन वेळा सराव करा. रात्री-अपरात्री कोणाची हाक येईल ते सांगता येत नाही.

हंगाम सर्वांना सुखरूप जावो.

एक सभासद