कानांनीं पाहिलेला तपास

रेडिओवरील नाटकांत पडदा नाहीं, रंगभूषा नाहीं. आहे तो केवळ आवाज. सेलोफेनचा कागद माइकपुढें चुरगळला कीं ऐकणाऱ्याच्या घरांत आग भडके. पातळ पत्रा हालविला कीं ढग गडगडत. अमेरिकेंत सन १९३० ते १९५० ह्या काळांत घरोघरचीं मंडळी रात्रीं अशीं नाटकें ऐकत बसत, व त्यांत गुन्ह्यांच्या तपासावरील नाटकांस मोठा मान असे.

एफ्. बी. आय्. हें अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचें तपासखातें. सन १९२४ पासून १९७२ सालीं मृत्यु येईपर्यंत जे. एडगर हूव्हर हेच त्याचे मुख्य होते. १९३५ सालीं फिलिप्स लॉर्ड ह्या निर्मात्यानें ह्या खात्यावर ‘जी-मेन’ नांवाची मालिका काढली. पहिलीच कथा बँका लुटणाऱ्या जॉन डिलिंजरची. हूव्हर ह्यांनीं साहाय्य दिलें, पण लिहिलेला मजकूर आपल्या खात्याच्या नजरेखालून जावा अशी अट घातली. लॉर्डला गोळीबार हवा, हूव्हरना शिस्तशीर शास्त्रीय तपास हवा, जमावें कसें? मालिका लवकरच आटोपली. पुढच्या वर्षीं लॉर्डनें ‘गँग बस्टर्स’ काढून भोंगे, शिट्या व बंदुका ह्यांचा हवा तेवढा गलबला केला.

हूव्हर ह्यांच्या मनासारखी मालिका निघाली ती ता. ६ एप्रिल १९४५ रोजीं. तिचें नांव ‘धिस इज युअर एफ्. बी. आय्.’, म्हणजे ‘हें तुमचें एफ्. बी. आय्.’. निर्माते जेरी डिव्हाइन. नायक जिम टेलर, व त्याला आवाज देणारे नट स्टेसी हॅरिस. खर्च उचलीत असे इक्विटेबल ही आयुर्विमा कंपनी, आणि तेंहि मला अर्थपूर्ण वाटतें : भय व निर्धास्तपणा हीं दोन्ही एकाच अर्ध्या तासांत श्रोत्यांस मिळत. कथा खात्याच्या दप्तरांतील, नांवें तेवढीं कल्पित. मात्र कोणतें दप्तर उघडावें हें खातेंच ठरवी, ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या ध्यानांत कोठून येणार? १९५३ पर्यंत ही मालिका चालली.

पुढें १९७५-७६ सालीं अमेरिकन सिनेटच्या एका समितीनें खात्याचीं न उघडलेलीं दप्तरें तपासलीं. कोणताहि गुन्हा न केलेल्या नागरिकांवर पाळत. रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या मुक्कामाच्या खोल्यांत लपवून ठेवलेलीं ऐकण्याचीं यंत्रें. १९६४ सालीं त्यांचें धैर्य खचावें म्हणून पाठविलेलें निनावी पत्र! किंग ह्यांच्यासंबंधीचे प्रकार मालिका संपल्यानंतरचे, हें खरें. पण खात्याविषयीं शंका घेणेंहि जड जावें, इतका विश्वास अशा नाटकांनीं आधींच पेरून ठेविला होता, असें मला वाटतें.

मालिकेच्या बऱ्याच भागांचीं ध्वनिमुद्रणें आजहि ऐकावयास मिळतात. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आईवडिलांसह एखादा भाग दिवा मालवून अवश्य ऐकावा. रचना खरोखरच नामी आहे. आग भडकल्याचा आवाज आला, तर सेलोफेनचा कागद तेवढा आठवावा.