जुना गोठा, चाळ व घर उतरविण्यापूर्वी सिमेंट पत्र्यांची पाहणी करा

अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) कोणत्याही गावी गेलात तर जुन्या गोठ्यांवर, कोंबड्यांच्या शेडवर, कांदा चाळींवर, विहिरीवरच्या पंपघरावर आणि वस्तीवरच्या बैठ्या खोल्यांवर करड्या रंगाचा नालीदार सिमेंट पत्रा दिसतो. लोखंडी पत्र्यापेक्षा तो कमी तापतो, गोठ्यातील शेणमुताच्या वाफेने गंजत नाही आणि पावसाचा आवाजही कमी होतो. कांदा चाळीच्या शिफारशींमध्येही मंगलोरी कौले किंवा सिमेंट पत्रा असा उल्लेख आढळतो. म्हणून तो वापरणाऱ्या शेतकऱ्याची काही चूक झाली असे नाही.

परंतु यांपैकी बरीच बांधकामे आता जुनी झाली आहेत. कोणी गोठा मोडून मुक्त संचार गोठा करीत आहे, कोणी जुने घर उतरवून स्लॅब टाकीत आहे, तर कोणी छतावर सौर पॅनेल बसविण्यासाठी पत्र्याला भोके पाडीत आहे. अशा वेळी गवंडी ग्राइंडर लावतो, मजूर पत्रे वरून खाली टाकतात, आणि तुकडे पाणंद रस्त्याच्या खड्ड्यात जातात. धोका याच कामात आहे. पत्रा शाबूत असताना तो फारसा त्रास देत नाही. तो कापला, फोडला किंवा घासला की त्रास देतो. म्हणून कामाला हात लावण्यापूर्वी तासभर पाहणी करणे हा या विषयातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे.

सिमेंट पत्र्यात असते काय?

सिमेंटला ताण सहन व्हावा म्हणून त्यात अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. घराच्या मातीत आपण भुसा किंवा ताग मिसळतो, तसाच हा प्रकार आहे. तंतूंचे प्रमाण वजनाच्या साधारण ८ ते १० टक्के असते. ३ मीटर लांबीचा ६ मिलिमीटर जाडीचा पत्रा सुमारे ४० किलो भरतो. एखाद्या गोठ्यावर असे २५ पत्रे असतील तर छताचे वजन १ टन झाले आणि त्यात ८० ते १०० किलो अ‍ॅस्बेस्टॉस आले. हे सर्व सिमेंटने धरून ठेवलेले असते. ही पकड ढिली होऊ द्यायची नाही, हेच आपले काम आहे.

हे तंतू केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतात. ते हवेत तरंगताना डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही, लगेच खोकलाही येत नाही. श्वासावाटे ते फुफ्फुसात खोलवर जातात आणि तेथे कुजत किंवा विरघळत नाहीत.

आरोग्यावरील परिणाम

अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत केली आहे. या तंतूंमुळे मुख्यतः तीन आजार होतात : फुफ्फुसे कडक होऊन दम लागणे (अ‍ॅस्बेस्टोसिस), फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. हे आजार बहुधा २० ते ४० वर्षांनी उघड होतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्य नोंदी ४० वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, त्यामागे हेच कारण आहे. आज पंचवीस वर्षांच्या मुलाने केलेल्या कामाचा त्रास त्याला साठीत होऊ शकतो, आणि तोवर त्या गोठ्याची आठवणही कोणास राहत नाही.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यास अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो. धुळीने भरलेले कपडे घरी झटकल्याने व धुतल्याने कामगारांच्या बायकामुलांनाही हे आजार झाल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत.

मात्र घाबरून जाऊ नये. धोका किती धूळ, किती वेळा आणि किती वर्षे श्वासात गेली यावर वाढतो. एखादा पत्रा वादळात फुटला म्हणून आजार होईलच असे नाही. रोज पत्रे कापणारा गवंडी व फॅब्रिकेशनवाला यांना जोखीम अधिक असते. त्याचबरोबर कमी धूळ म्हणजे अगदीच निर्धोक, अशी सुरक्षित मर्यादाही सांगता येत नाही.

ब्रिटनने १९९९ साली, ऑस्ट्रेलियाने २००३ अखेर आणि युरोपीय संघाने २००५ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली. आपल्या देशात आयात अ‍ॅस्बेस्टॉसपासून पत्रे आजही तयार होतात व कायदेशीररीत्या विकले जातात. त्यामुळे 'पत्रा अलीकडचा आहे, म्हणजे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नसेल' असे आपल्याकडे म्हणता येत नाही.

कामापूर्वीची पाहणी

पाहणी जमिनीवरून व आतून करावी. छतावर चढू नये. एका वहीत पुढील गोष्टी लिहून काढाव्यात.

१. पत्रा कोणता आहे? पत्र्यावर आय.एस. ४५९ हा मानक क्रमांक छापलेला असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा समजावा. बाजारात अ‍ॅस्बेस्टॉसविरहित तंतूंचे सिमेंट पत्रेही मिळतात, पण जुन्या छतावरील छाप पुसलेला असतो. खात्री नसेल तर अ‍ॅस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे. तुकडा तोडून पाहण्याची गरज नाही.

२. आणखी कोठे आहे? आढ्यावरचा जोडपत्रा, पन्हाळी, पावसाच्या पाण्याचे नळ, संडास-न्हाणीचे आडोसे, पाण्याच्या जुन्या टाक्या पाहाव्यात. उपसा सिंचन व गावच्या नळ योजनेत पुरलेले जुने सिमेंट पाईपही बहुधा याच प्रकारचे असतात. पाया खोदताना किंवा जेसीबी लावताना त्यांची जागा आधी माहीत असावी.

३. अवस्था कशी आहे? यासाठी तीन वर्ग करावेत.

पहिला वर्ग : पत्रा अखंड, कडा शाबूत, पृष्ठभाग घट्ट. असा पत्रा कामाच्या आड येत नसेल तर तसाच ठेवावा.

दुसरा वर्ग : शेवाळ आलेले, एखाद-दुसरी भेग, बोल्टजवळ तडे. त्यावर भोके पाडणे, घासणे टाळावे. वर्षातून एकदा पाहणी करावी व सवडीने बदलण्याचे नियोजन करावे.

तिसरा वर्ग : कडा भुसभुशीत, बोटाला पांढरी पूड लागते, तुकडे खाली पडतात किंवा गारपिटीने भोके पडली आहेत. असा पत्रा प्रथम उतरवावा. तोपर्यंत त्याखाली चारा, धान्य व मुलांचा वावर ठेवू नये.

४. खाली काय आहे? जनावरे, कडबा, गव्हाण, पाण्याचा हौद, कांदा, खाद्याची पोती, विजेची तार या सर्वांची नोंद घ्यावी व काम सुरू होण्यापूर्वी ती हलवावीत. कोंबड्यांच्या शेडचे काम दोन बॅचमधील रिकाम्या काळातच घ्यावे.

ही नोंद गवंड्याला दाखवून दर ठरविण्यापूर्वीच कामाची पद्धत ठरवावी. दर ठरल्यावर पद्धत बदला म्हटले की कोणी ऐकत नाही.

पत्रे उतरविण्याची पद्धत

वेळ : मे महिन्यात मृगापूर्वीची घाई असते आणि त्याच वेळी वळवाची वावटळही असते. जमेल तर पावसाळ्यानंतर, वारा पडलेला असताना सकाळी काम घ्यावे. उतरवायचे काम अनुभवी दोन-तीन माणसांनीच करावे, इतरांना व मुलांना लांब ठेवावे.

पडण्याचा धोका : सिमेंट पत्रा माणसाचे वजन पेलेल याचा भरवसा नसतो. जुना पत्रा क्षणात फुटतो व माणूस थेट खाली येतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार वीस वर्षांनी येईल, पण हा अपघात त्याच दिवशी जीव घेतो. शक्य तेथे खालून, पक्क्या पालकावर (परांचीवर) उभे राहून काम करावे. वर जावेच लागले तर आधाराच्या पाईपांवर आडव्या टाकलेल्या मजबूत फळ्यांवरूनच चालावे व कमरेला दोरपट्टा बांधावा. 'बोल्टच्या रेषेवर पाय दिला की पत्रा फुटत नाही' या समजुतीवर विसंबू नये.

ओलावा : प्रथम वीजपुरवठा बंद करावा. पाठीवरच्या फवारणी पंपात पाणी व थोडी धुण्याची पावडर घेऊन पत्रा वरून व खालून बारीक फवाऱ्याने भिजवावा. साबणाने पाणी पत्र्यात चांगले मुरते. पंप तणनाशक व कीटकनाशकाचा असल्यास आधी स्वच्छ धुवावा. जोराचा फवारा मारून पत्रा धुऊ नये. त्याने पृष्ठभाग उकलतो. ओल्या पत्र्यावर पाय घसरतो, म्हणूनही काम फळीवरून किंवा खालूनच करावे.

बोल्ट : गंजलेल्या जे-बोल्टवर आदल्या दिवशी तेल सोडावे व पान्याने काढावेत. न निघाल्यास बोल्ट कटरने तोडावेत. पत्र्यावर हातोडा, ग्राइंडर, ड्रिल चालवू नये.

उतरविणे : पत्रा अखंड काढून दोघांनी हातोहात किंवा दोराने खाली घ्यावा. वरून टाकू नये, ओढत नेऊ नये. खाली जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर रचावा. शेततळ्याच्या अस्तराचे उरलेले ५०० मायक्रॉनचे तुकडे या कामास उत्तम. रचलेले पत्रे वरूनही दोन थरांत गुंडाळून बांधावेत. फुटलेले तुकडे ओले करून जाड पिशवीत भरावेत आणि गठ्ठ्यावर 'अ‍ॅस्बेस्टॉस, फोडू नये' असे लिहावे.

नाकातोंडाची काळजी : उपरणे, रुमाल किंवा साधा कापडी मास्क हे तंतू अडवीत नाही. एफ.एफ.पी.-३ दर्जाचा मास्क घ्यावा. तो न मिळाल्यास निदान एन-९५ चांगला घट्ट बसवून वापरावा. दाढी असल्यास मास्क नीट बसत नाही. काम संपेपर्यंत विडी, तंबाखू व खाणे टाळावे.

साफसफाई : कोरडा झाडू व ब्लोअर वापरू नये. जागा ओली करून ओल्या फडक्याने पुसावी, फडकी कचऱ्याच्या पिशवीतच टाकावीत. मास्क सर्वांत शेवटी काढावा. कामाचे कपडे झटकू नयेत. ते टाकून द्यावेत किंवा पाण्यात भिजवून वेगळे धुवावेत. धूळ भरलेले कपडे घरातील महिलांकडे धुण्यास देऊ नयेत. पन्हाळीत साचलेल्या गाळातही झिजलेल्या पत्र्याचे तंतू असतात. तो ओला असतानाच काढून पिशवीत भरावा.

जुन्या पत्र्यांचे काय करावे?

तुकडे पाणंदीत, ओढ्यात, उकिरड्यात किंवा घराच्या भरावात टाकू नयेत. रस्त्यावर ट्रॅक्टरखाली त्यांची पूड होते व ती वर्षानुवर्षे उडत राहते. उकिरड्यातून ती शेणखताबरोबर शेतात येते. पत्रे आगीत टाकू नयेत. ते तडकून उडतात आणि अ‍ॅस्बेस्टॉस जळत नाही. जुने पत्रे दुसऱ्यास विकले किंवा मजुरास खोपीसाठी दिले, तर धोका फक्त एका घरातून दुसऱ्या घरात जातो.

गुंडाळलेले पत्रे उंचवट्यावर, वर्दळीपासून दूर ठेवावेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्यातील कार्यालयाकडे विल्हेवाटीबाबत लेखी विचारणा करावी. नगर-पुणे रस्त्यावर रांजणगाव औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र आहे. एका शेतकऱ्यास दहा-वीस पत्रे इतक्या दूर नेणे परवडणारे नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून ग्रामपंचायतीने किंवा दूध संस्थेने गावातील पत्रे एकत्र करून मंडळाच्या सल्ल्याने एकदाच पाठविणे सोयीचे होईल. ग्रामसभेत हा विषय घेण्यासारखा आहे.

नवे छत कोणते?

अ‍ॅस्बेस्टॉसविरहित सिमेंट पत्रा, मंगलोरी कौले किंवा रंगीत लोखंडी पत्रा असे पर्याय आहेत. लोखंडी पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा, वरून पांढरा रंग द्यावा, छताची उंची वाढवावी व आढ्याशी हवा जाण्यास फट ठेवावी. त्यामुळे उन्हाळ्यात जनावरांना व कांद्याला होणारा त्रास कमी होतो. सौर पॅनेल बसवायचे असल्यास जुन्या सिमेंट पत्र्याला भोके पाडण्याऐवजी जमिनीपासून वेगळा सांगाडा उभारावा.

ज्यांनी पूर्वी अशी कामे वर्षानुवर्षे केली आहेत व ज्यांना दम लागतो किंवा खोकला हटत नाही, त्यांनी डॉक्टरांना कामाची माहिती आवर्जून सांगावी. ती न सांगितल्यास दमा किंवा क्षय समजून उपचार होण्याची शक्यता असते. विडी सोडणे हा त्यांच्यासाठी सर्वांत मोठा उपाय आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• शाबूत पत्रा विनाकारण हलवू नका.
• काम ठरविण्यापूर्वी पाहणी करून वहीत लिहा.
• पत्रा भिजवा, अखंड काढा, गुंडाळा. कापू नका, फोडू नका, टाकू नका.
• पत्र्यावर पाय देऊ नका.
• धुळीचे कपडे घरात नेऊ नका.

गोठा आपला असला तरी छतावर चढणारा माणूस बहुधा दुसऱ्याच्या घरचा असतो. त्याला मास्क, फळ्या आणि पुरेसा वेळ देणे ही काम सांगणाऱ्याची जबाबदारी आहे.