डहाणू लॉग-इन होत नाही!

पासवर्ड, प्रोफाइल, युजरनेम... रोज सकाळी कॉफीच्या आधी भरायच्या या चौकटी. पण त्या कुणाला आत घेतात आणि कुणाला दारात उभं करतात, हे कळायला जरा विरारच्या पुढे जायला हवं.

एक गंमत करून बघा. तुमच्या ऑफिसात जँगोवर काम करणारा एखादा डेव्हलपर असेलच. त्याला म्हणावं, कुठलंही सेटिंग न बदलता नवीन अकाउंट उघड आणि युजरनेम टाक, 'डहाणू'. चक्क देवनागरीत. सिस्टीम फटकन नाही म्हणेल. मग 'तलासरी' टाका. तेही नाही. 'कमल' टाका. चाललं! आता 'कमला'. पुन्हा नाही!

कमलला प्रवेश आणि कमलाला मज्जाव, हा काय प्रकार?

काना, मात्रा आणि वेलांटी

जँगो म्हणजे वेबसाइट झटपट उभी करून देणारं तयार फ्रेमवर्क. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी, एका दैनिकाच्या वेब टीममध्ये २००३ साली एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ते सुरू केलं. जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. तुमचं लाडकं इन्स्टाग्रामही याच्याच खांद्यावर उभं राहिलं. लॉग-इन, पासवर्ड, परवानग्या असा सगळा संसार त्यात आयता मिळतो. म्हणून तर पोरं त्याच्यावर फिदा!

त्याचा युजरनेमचा नियम साधा आहे. अक्षरं, अंक आणि पाच चिन्हं, बस्स. २०१६ च्या १.१० आवृत्तीपासून इंग्रजीबाहेरची अक्षरंही चालतात. पण हे तपासणारं पायथनचं हत्यार काना, वेलांटी, उकार, अनुस्वार यांना 'अक्षर' मानतच नाही. त्याच्या लेखी ती अक्षराला चिकटलेली खूण. 'कमल' या नावात अशी एकही खूण नाही म्हणून ते पास होतं. आपल्या भाषेतली बहुतेक नावं मात्र नापास.

कुणी मुद्दाम केलेलं नाही हे. नियम लिहिताना डहाणूचा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, इतकंच. चार ओळींत स्वतःचा नियम लिहून तो बदलता येतो. पण बदलायला हवा, हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

पासवर्डचा मिल्कशेक

लॉग-इनचा फंडा आधी क्लिअर करू. सिस्टीम दोन वेगळे प्रश्न विचारते. पहिला, तू कोण? दुसरा, तुला काय काय करायची मुभा आहे? ऑफिसच्या आयडी कार्डानं मेन गेट उघडतं, पण त्याच कार्डानं सर्व्हर रूम उघडेलच असं नाही. अगदी तसंच.

'तू कोण' याचं उत्तर बहुतेक वेळा पासवर्ड असतो. तो जँगो जसाच्या तसा कधीच साठवत नाही. घोलवडचा चिकू मिक्सरमध्ये घातला की मिल्कशेक होतो, पण मिल्कशेकचा पुन्हा चिकू होत नाही. पासवर्डचंही तसंच. त्यात आधी 'सॉल्ट' म्हणजे एक यादृच्छिक चिमूट पडते, त्यामुळे दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी मिश्रण वेगळं निघतं. मग तो दळला जातो. २०१२ मध्ये या दळणाचे १० हजार फेरे होते, २०२५ च्या ५.२ आवृत्तीत ते १० लाख झाले. चोर कितीही वेगवान मशीन घेऊन आला तरी प्रत्येक अंदाजाला त्याचा घाम निघावा, म्हणून.

कुलूप दणकट आहे. प्रश्न दारावरच्या पाटीचा आहे.

दोन चौकटी, तीन नावं

जँगोच्या तयार खात्यात नावासाठी दोन चौकटी असतात, पहिलं नाव आणि आडनाव. आता डहाणू तालुक्यातल्या गंजाडचं एक नाव घ्या, जिव्या सोमा म्हसे. वारली चित्रकला जगभर नेणारे, २०११ चे पद्मश्री, २०१८ मध्ये गेले. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. 'सोमा' कुठल्या चौकटीत टाकायचा? शिवाय इंग्रजीत त्यांचं आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. एका कागदावर एक स्पेलिंग आणि दुसऱ्यावर दुसरं, की कॉम्प्युटरच्या लेखी माणसं दोन!

त्यात महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही आलं. मूल, आई, वडील, आडनाव. म्हणजे चौकटी चार हव्यात.

यावर जँगोत उपाय आहे. २०१३ च्या १.५ आवृत्तीपासून 'कस्टम युजर मॉडेल' करता येतं, म्हणजे खातं कसं असावं हे तुम्हीच ठरवायचं. जँगोची माहितीपुस्तिकाही बरीच वर्षं सांगत आली की तयार खातं पुरेसं वाटत असलं तरी नव्या प्रोजेक्टमध्ये पहिल्याच दिवशी स्वतःचं मॉडेल करून ठेवा. कारण ऑर्डर, पेमेंट, कमेंट अशी सगळी टेबलं नंतर याच खात्याला बांधली जातात. भिंती चढल्यावर पाया बदलणं किती महागात पडतं, ते कुठल्याही बिल्डरला विचारा.

अंगठ्याची गोष्ट

बरं, आडनावाची चौकट चुकली तर फार तर फॉर्म अडेल. ओळखच पटली नाही तर?

तलासरीत हा प्रश्न जुना आहे. जमीनदार-सावकारांच्या काळात इथल्या वारल्यांना न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठवायला लागे आणि माणूस वेठीला बांधला जाई. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी 'लग्नगडी' म्हणून राबणारी जोडपी होती. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो आदिवासी जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा लढा आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आता अंगठा पुन्हा आलाय, मशीनवर. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबारमधल्या टेंभलीत दिलं गेलं. आज रेशन दुकानात पॉस मशीनवर बोट टेकवलं की धान्य मिळतं. छानच आहे! पण भातलावणी करून, दगड फोडून, जाळी ओढून बोटांच्या रेषा झिजतात. मशीनला त्या वाचता आल्या नाहीत तर ते 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं. तुमचं-आमचं लॉग-इन अडलं तर चिडचिड होते, तिथे चूल अडते.

मग ओटीपी आहे ना? आहे, पण पाच जणांच्या घरात फोन एक आणि तो कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात. आपल्याकडे मोबाइल नंबरलाच युजरनेम करायची फॅशन आहे. जँगोत युजरनेम एकमेवच असावं लागतं. म्हणजे घरात एकानं खातं उघडलं की बाकीच्यांना दार बंद.

म्हणून ओळख पटवायचे रस्ते एकाहून जास्त हवेत. जँगोत त्याची सोय आहे. एक पद्धत फसली की पुढची, अशी पद्धतींची यादीच देता येते. २०१६ च्या आधार कायद्यातही, आधार क्रमांक मिळेपर्यंत ओळखीचा पर्यायी मार्ग द्यावा, असं कलम ७ मध्ये आहे. यंत्र 'नाही' म्हणालं तरी माणसाचं ऐकणारं कुणीतरी असावं, हा साधा विचार दोन्हीकडे लागू पडतो.

नवं प्रोजेक्ट? आधी एवढं करा!

• कस्टम युजर मॉडेल पहिल्याच दिवशी. नंतर करू म्हणालात की संपलं.
• पूर्ण नावासाठी एकच मोठी चौकट ठेवा. तुकडे खरोखर लागत असतील तरच करा.
• देवनागरी नावं टाकून टेस्ट करा. 'कमल' नको, 'कमला' टाका.
• एक फोन म्हणजे एक माणूस, असं गृहीत धरू नका.
• ओटीपी आला नाही तर पुढे काय, हे स्क्रीनवर मराठीत लिहा.

२०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावतेय. या वीकेंडला बोर्डीच्या किनाऱ्यावर जाच, चिकूही आणा. आणि सोमवारी लॅपटॉप उघडलात की टेस्ट युजरचं नाव 'टेस्ट वन' ठेवू नका. 'डहाणू' ठेवा. आत जाता आलं तर समजा, बाकीच्यांनाही येता येईल.