वर्षभर आमदाराविना

आमदाराची जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१-अ सांगते. उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल तर मात्र सूट. ही सूट मतदाराला महाग पडते. गोवर्धन शर्मा यांच्या निधनाने अकोला पश्चिमची जागा नोव्हेंबर २०२३ मध्ये रिकामी झाली. २६ एप्रिल २०२४ला ठरलेली पोटनिवडणूक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केली, कारण नव्या आमदाराला वर्षही मिळणार नव्हते. खर्च वाचला, असे कोणी म्हणेल. पण त्याच दिवशी अकोल्यात लोकसभेचे मतदान होतेच! उरल्या महिन्यांत आमदार करणार तरी काय, हा आक्षेपही लंगडाच. जूनमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला, तेव्हा अकोला पश्चिमच्या वतीने बोलायला सभागृहात कोणी नव्हते.