उभ्या गाडीचें बंद पडणारें इंजिन : दोष यंत्राचा कीं तारेचा ?

बैलगाडीच्या काळीं चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान खालीं उतरून प्रथम वंगण पाही. आंख बदलण्याचा विचार त्याच्या मनांत सर्वांच्या शेवटीं येई. शेतमाल बाजारांत नेणाऱ्या मोटारीच्या बाबतींत मात्र आपला क्रम नेमका उलटा झाला आहे. इंजिन नीट चालेनासें झालें कीं आपण आधीं किमती भाग बदलतों आणि थोड्या मोलाची तार शेवटीं पाहतों. या उलट्या क्रमानें आमच्या संस्थेचे पैसे कसे गेले, आणि पैशांहून मोठी अशी एक चूक आमच्या हातून कशी घडली, तें सांगून त्यांतून घेण्याजोगा बोध वाचकांपुढें ठेवावा, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहीत आहों.

घडलेली हकीकत

संस्थेकडे पेट्रोलवर चालणारी एक छोटी बंद गाडी आहे. सभासदांचे टोमॅटोचे क्रेट नारायणगांवच्या बाजारांत पोहोंचविणें आणि परत येतांना खतांच्या गोणी आणणें हें तिचें काम. गेल्या हंगामांत तिला एक चमत्कारिक खोड लागली. सकाळीं इंजिन विनातक्रार सुरू होई. परंतु शेताच्या कच्च्या वाटेनें क्रेट भरून गाडी सडकेला लागली आणि इंजिन तापलें, कीं उभ्या जागीं त्याचा आवाज वर-खालीं होऊं लागे, मागून पेट्रोलचा वास येई, आणि बाजाराच्या दाराशीं रांगेंत थांबतांच तें अचानक बंद पडे. एके दिवशीं याच कारणानें गाडी सौदे आटोपल्यावर पोहोंचली आणि पांच सभासदांचा माल पडेल त्या भावानें द्यावा लागला.

दुरुस्तीच्या कारखान्यांत नेल्यावर मात्र गाडी अगदीं शहाण्यासारखी चाले. तरीही प्रत्येक खेपेस कांहीं ना कांहीं बदललें गेलें : प्रथम प्लग, मग पेट्रोलची गाळणी, मग मंद चाल सांभाळणारी हवेची झडप. यांत ९,४०० रुपये गेले आणि खोड जशीच्या तशी राहिली. याच काळांत लिटरामागें १५ किलोमीटर जाणारी गाडी ११ वर आली. हिशेब तपासतांना पेट्रोल जातें कोठें, असा प्रश्न निघाला आणि संशय चालकावर गेला. हा तरुण आमच्याच एका सभासदाचा मुलगा. "इंजिनच जास्त पितें," असें त्यानें परोपरीनें सांगितलें; पण आम्हीं तें मानलें नाहीं, व चौकशी होईपर्यंत त्याचा एका महिन्याचा पगार अडकवून ठेवला.

शेवटीं विहिरीवरील मोटारींचें वाइंडिंग करणाऱ्या गांवांतील एका वृद्ध कारागिरांना गाडी दाखविली. त्यांनीं एकही भाग खोलला नाहीं. इंजिन तापूं दिलें, उभ्या जागीं चालूं ठेवलें, आणि एका लांब लाकडी काडीनें तारांचे जुडगे एकामागून एक हळूच हालवून पाहिले. पाण्याची उष्णता मोजणाऱ्या सेन्सरच्या कपलरास काडी लागतांच इंजिनाचा सूर बदलला. चालकानें विचारलें, "काका, नवा सेन्सर आणूं का ?" ते म्हणाले, "अरे, आधीं तार बघ. मोटार जळाली म्हणून लोक माझ्याकडे आणतात, आणि कितीदां तरी स्टार्टरची तारच ढिली निघते." इंजिन बंद करून कपलर सोडविला, तों आंतील दोन पिनांपैकीं एकीवर मोरचुदासारखा हिरवट-निळा थर चढलेला दिसला.

असें कां घडतें ?

पेडलवरचा पाय काढला कीं इंजिनांत हवा सोडणारा मुख्य पडदा जवळजवळ मिटतो. अशा वेळीं तापलेलें इंजिन मिनिटास सुमारें ७०० ते ९०० फेरे घेत असतें. या मंद चालीलाच कारागीर 'आयडल' म्हणतात. वेगानें जातांना हवा व पेट्रोल यांच्या प्रमाणांतील लहानशी चूक खपून जाते. मंद चालींत तीच चूक इंजिनाला डळमळविते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हें प्रमाण स्क्रू फिरवून बसवीत असत. इंजेक्शनच्या गाडींत तें काम ईसीयू नांवाची संगणक-पेटी करते. या पेटीला स्वतःचे डोळे नाहींत. निरनिराळे सेन्सर तारेवाटें जें कळवितील तेवढेंच तिला समजतें. दूरच्या गुमास्त्याच्या पत्रांवर पेढी चालविणाऱ्या सावकारासारखी तिची स्थिति आहे. पत्र वाटेंत भिजून आंकडा पुसट झाला, तर सावकार कितीही चतुर असला तरी हुकूम चुकीचाच सुटणार.

उष्णतेच्या सेन्सरचें उदाहरण घेऊं. इंजिनांतील पाणी जसजसें तापतें तसतसा या सेन्सरचा विद्युत्-रोध कमी होतो. एका नेहमींच्या प्रकारांत तो २० अंश सेल्सिअसला सुमारें २,५०० ओहम, ६० अंशांना सुमारें ६०० आणि ८० अंशांना सुमारें ३०० ओहम असतो. आतां गंजलेल्या पिनेनें वाटेंत ३०० ओहमांची भर घातली असें समजा. बेरीज ६०० झाली. म्हणजे ८० अंशांवर तापलेलें इंजिन पेटीला ६० अंशांचें वाटूं लागलें. खड्ड्याच्या हादऱ्यानें ही भर आणखी वाढली तर इंजिन अगदींच थंड भासतें. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त द्यावयाचें, हा पेटीचा नियम. पेट्रोलचा वास, काळे पडलेले प्लग, वाढलेला खर्च आणि डळमळणारी चाल हीं सारीं लक्षणें या एकाच मुळांतून निघालीं. दोष दाखविणारा दिवा न पेटण्याचें कारणही हेंच. ६० अंश हा आंकडा खोटा असला तरी अशक्य नव्हे, म्हणून पेटीला संशय आला नाहीं. तार पूर्ण तुटली असती तर दिवा बहुधा पेटला असता आणि आमचा त्रास वांचला असता.

गंज कां चढला, हें शेतकऱ्याला सहज समजेल. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई करतात, ती कळंक चढूं नये म्हणून. कपलरांतील पुष्कळ पिनाही तांब्याच्या मिश्रधातूच्या असून त्यांवर कथिलाचाच थर दिलेला असतो. कच्च्या वाटेवरील हादऱ्यांनीं पिना एकमेकींवर घांसत राहतात व हा थर झिजतो. त्यांतच रबराची गोट निसटली कीं पाणी आंत शिरतें. आमच्या गाडींत तर खतांच्या गोणी. अमोनियायुक्त खतांची धूळ हवेंतील ओल शोषून घेते, आणि अमोनिया हा तांब्यापितळेचा वैरीच होय.

दोषाची परीक्षा

प्रथम एक सावधगिरी. इंजिन चालू असतां हात व सैल कपडे पंख्यापासून दूर ठेवावे. विजेचा पंखा आपोआपही सुरू होतो. गाडी सपाट जागेवर, गिअर काढून व ब्रेक ओढून उभी करावी.

इंजिन तापल्यावर कोरड्या लाकडी काडीनें एकेक कपलर व त्याजवळची तार हलक्या हातानें हालवावी. सूर जेथें बदलेल तेथें खूण करावी. गाडीला जोडण्याचा स्कॅनर मिळाला तर उष्णतेचा आंकडा पाहत तार हालवावी. आमच्या गाडींत तो क्षणांत ८५ वरून ४० पर्यंत घसरला. मंद चालीची झडप, हवेच्या पडद्याचा सेन्सर व हवेचा दाब मोजणारा सेन्सर यांचे कपलरही याच रीतीनें पाहावे. त्यानंतर मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोंकावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून, दिवे लावलेल्या स्थितींत फरक मोजावा. तो ०.२ व्होल्टांहून अधिक आला तर अर्थिंगची पट्टी सोडवून घांसून पुन्हां घट्ट करावी. मोजणीसाठीं तारेच्या वेष्टनांत सुई खुपसूं नये. त्या छिद्रांतून पाणी शिरून पुढच्या पावसाळ्यांत नवा गंज चढतो.

येथें हेंही सांगितलें पाहिजे, कीं चाल बिघडण्याचें कारण दर वेळीं तारच असते असें नव्हे. हवेची फाटलेली रबरी नळी, काजळी धरलेला पडदा, थकलेले प्लग यांनींही हाच परिणाम होतो. आमचें म्हणणें इतकेंच, कीं ज्या तपासणीला कांहींच पैसे पडत नाहींत ती सर्वांआधीं व्हावी.

दुरुस्तीची रीत

इंजिन थंड होऊं द्यावें, किल्ली काढावी आणि बॅटरीचें ऋण टोंक सोडवावें. पिवळ्या रंगाचे कपलर बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांस हात लावूं नये. कपलर काढतांना त्याचा खटका दाबून अंगास धरून ओढावा, तारेस धरून कदापि नव्हे.

गंज वरवरचा असेल तर कपलर साफ करण्याचा फवारा मारून मऊ ब्रशानें घांसावें व पूर्ण वाळूं द्यावें. कांचकागद वापरूं नये. त्यानें उरलीसुरली कल्हईही निघून जाते. पिनेची पकड सैल झाली असेल, किंवा हिरवा रंग वेष्टनाखालीं चढत गेला असेल, तर साफसफाईनें भागत नाहीं. अशा वेळीं तारांच्या शेपटीसह नवा कपलर आणावा. जुनी तार चकचकीत तांबें दिसेपर्यंत मागें कापावी. दोन्ही तारा एकदम कापूं नयेत. एक कापून जोडावी, मग दुसरी, म्हणजे रंगांची अदलाबदल होत नाहीं. दोन सांधे शेजारीं शेजारीं न ठेवतां एक पुढें व एक मागें घ्यावा. सांधा योग्य मापाच्या नळींत दाबून किंवा नीट झाळून पक्का करावा, आणि त्यावर आंतून डिंक असलेली, उष्णतेनें आकसणारी नळी चढवावी. नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळणें म्हणजे पुढच्या बिघाडाचें बीं पेरणें होय. शेवटीं इंजिनाच्या हालचालीपुरती ढील ठेवून तार जवळच्या आधाराला बांधावी.

या सर्व कामाला आम्हांस कपलर व नळी मिळून १८० रुपये पडले. सेन्सर जुनाच राहिला. त्यांत कांहींच दोष नव्हता.

प्रतिबंध

खत वाहून आणल्यावर गाडी झाडून काढावी. धुतांना जोराच्या पाण्याचा झोत कपलरांवर धरूं नये. कपलरच्या रबरी गोटेला सिलिकॉनचें थोडेंसें वंगण लावावें. गाडी धान्याच्या कोठीजवळ उभी करूं नये, कारण उंदीर धान्याबरोबर तारांचीं वेष्टनेंही कुरतडतात.

हा विषय केवळ मोटारवाल्यांचा आहे असें कोणीं समजूं नये. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर दुचाकींतही इंजेक्शन सर्रास आलें; आणि सुमारें ५० अश्वशक्ति व त्यावरील ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून नवे धूरनियम लागू झाल्यानें त्यांपैकीं बहुतेकांतही अशी संगणक-पेटी आली आहे. ज्या तारेनें आमची गाडी अडविली, तिचीच भावंडें आतां बांधावर येऊन पोहोंचलीं आहेत.

दुरुस्तीनंतरच्या महिन्यांत गाडी पुन्हां लिटरामागें १५ किलोमीटर गेली आणि रांगेंत एकदांही बंद पडली नाहीं. तो हिशेब सभेपुढें आला त्याच दिवशीं चालकाचा अडकविलेला पगार त्याला दिला, आणि संशय घेतल्याबद्दल सर्व सभासदांदेखत त्याची क्षमा मागितली. पगार परत करणें सोपें होतें. परंतु महिनाभर गांवांत खालीं मान घालून फिरलेल्या मुलाला तो महिना आम्हीं कोठून परत द्यावा? यंत्र बिघडलें असतां माणसावर बोट ठेवण्यापूर्वीं तार हालवून पाहावी, एवढें जरी वाचकांच्या ध्यानीं राहिलें तरी हा लेख लिहिण्याचे श्रम सफल झाले असें आम्ही समजूं.